उठा-पळाचा ठोका

एका डोंगराच्या उतारावर दोन गावं होती, एक वरचं, एक खालचं, आणि दोन्हींच्या डोक्यावर एकच तलाव. वरच्या गावाच्या बुरुजावर नगारा होता. तलावाचा बांध खचला, की नगारची एक ठोका वाजवायचा: 'उठा-पळा, उठा-पळा.' दोन्ही गावांतली पोरं पाळण्यातच तो ठोका शिकत. तो कानी पडला, की माणसं हातातली भाकरी टाकून चढणीला लागत.

मग वरच्या गावाला नवा पाटील मिळाला. चावडीवर उभा राहून तो म्हणाला, "आपला नगारा खालच्यांच्या बोलीत का बोलतो? आपलं म्हणून काही आहे की नाही?"

लोकांना ते इतकं पटलं, की आजवर आपण जगलो कसे याचीच त्यांना लाज वाटली. ठरलं! जुना ठोका बंद. इशारा द्यायचा तो नव्या ठोक्यात: 'डोंगर आमचा, पाणी आमचं!'

म्हातारा नगारची चाचरत म्हणाला, "पाटील, पाणी काही गाव विचारून येत नाही. खालच्यांना हा ठोका कळायचा कसा?"

"कळवायचंय कुणाला?" पाटील हसला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लेक खाली दिलीय ना म्हाताऱ्याची! काळीजही आंदण दिलंस की काय रे?"

सगळे खदाखदा हसले. म्हातारा मान खाली घालून घरी आला. आपलंच चुकत असेल, त्याला वाटलं. एवढी माणसं कशी चुकतील? दुसऱ्या दिवसापासून तो नवा ठोका वाजवू लागला. खालच्यांनीही मोठा ढोल आणला. रोज संध्याकाळी वरून नगारा डिवचायचा, आणि खालचे बांधाखालच्या नदीच्या कोरड्या पात्रात उतरून ढोलावर उलट शिव्या हासडायचे. आठ वर्षं हेच चाललं. याला दोन्हीकडे स्वाभिमान म्हणत.

नवव्या वर्षी भर दुपारी बांध फुटला. नगारचीला ते बुरुजावरून दिसलं. त्याने टिपरू उचललं, तोच पाटील धापा टाकत वर आला.

"नवा! नवा वाजव! गाव ऐकतंय!"

हाताने पाटलाचं ऐकलं. नवा ठोका घुमला. तो भर दुपारी ऐकताच वरचं गाव चढणीला लागलं.

खाली कुणी पळालं नाही. "आज दुपारीच माज आला की वरच्यांना!" म्हणत ते ढोल घेऊन, पोराबाळांसकट, कोरड्या पात्रात उतरले.

ते पाहिल्यावर मात्र म्हाताऱ्याने पाटलाला कोपराने ढकललं आणि होतं नव्हतं ते बळ लावून वाजवलं, उठा-पळा, उठा-पळा! खालची मोठी माणसं दचकली. हाताला लागेल ते पोर उचलून पळाली. पण लहानग्यांनी तो ठोका जन्मात ऐकला नव्हता. त्यांना तो फार आवडला. ती नाचू लागली.

अकरा पोरं गेली.

पाटलाने चावडीवर सांगितलं, "आपलं एकही माणूस गेलं नाही." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या!

तिसऱ्या दिवशी नगारचीची लेक चढण चढून आली. एकटीच आली. तिचा मुलगा सात वर्षांचा होता.

म्हातारा उंबऱ्यातच बोलू लागला. पाटील, गर्दी, ते हसणं, सगळं सांगितलं. "पोरी, मी एकटा काय करणार होतो? सगळं गाव एकीकडे..."

"बाबा," ती म्हणाली, "पाटलाला तो ठोका येत नव्हता. तुम्हाला येत होता."

पाणीसुद्धा न घेता ती उतार उतरून गेली.

तात्पर्य: 'आपलं' आणि 'त्यांचं' करता करता जो धोक्याचा इशाराही वाटून टाकतो, तो पुढारी खुनीच, आणि खरं ठाऊक असून चारचौघांच्या हसण्याला जो भ्याला, त्या शहाण्याने आपले हात स्वच्छ आहेत असं म्हणू नये.