चंद्राबायच्या दारची खूण

खाडीच्या तोंडाशी खारेकोंड नावाचे गाव. गावाच्या वेशीवर पिंपळाखाली निवांत महाराज राहत. महाराज फारसा उपदेश करीत नसत. समोर बसलेल्याची पेज निवू नये, एवढीच त्यांना काळजी.

शिमग्याला नवलाईदेवीची पालखी घरोघर जाई, आणि शेवटच्या दुपारी 'खूण' निघे. म्हणजे असे, की मानकऱ्याने गुपचूप कुठेतरी नारळ पुरायचा आणि पालखीने, देवी नेईल तिकडे जाऊन, तो शोधायचा. मानकरी होते गणोजी खोत. माणूस वाईट नव्हे हो, पण मान वाढला की कान बहिरे होतात, तसे त्यांचे झाले होते.

त्या सकाळी चंद्राबाय खारवीण पिंपळाखाली आली. तिचा नवरा धाकू पालखीचा खांदेकरी. होडी घेऊन गेला तो परतला नाही. प्रेतही मिळाले नाही, म्हणून तिने कुंकू पुसले नव्हते. महाराजांसमोरच तिने खोतांना गाठले.

"खोतानू, औंदा पालखी माज्या दारात येऊंद्या. जाताना ते बोलले हुते, शिमग्याला देवी दारात आनतो. यवडी ओटी भरूंद्या, मग तुमी म्हनाल ती रीत करते."

खोत हसले. "सुतकाच्या घरी देवी? आधी कुंकू पूस. तुझ्यासाठी गावाने सोवळं काय खुंटीला टांगायचं?"

महाराज म्हणाले, "खोत, दांडी खांद्यावर घेतली म्हणजे वाट आपली होत नाही."

खोतांनी ते कानाआड केले. नारळ त्यांनी स्वतःच्याच परड्यात, फणसाखाली पुरला होता. देवी आपल्या दारी थांबावी आणि गावाने ते बघावे, एवढाच डाव. पुढची दांडी त्यांच्याच खांद्यावर. पालखी वळवायला कितीसा वेळ?

टळटळीत दुपारी पालखी खोतांच्या आळीकडे निघाली आणि ढोलाचा आवाज बसला. ढोलकऱ्याचा हात वरखाली होत होता, पण आवाज म्हणून नाही. खोतांच्या मानेवर एक थेंब पडला. मग दुसरा. ओघळ ओठाशी आला तेव्हा पाणी खारट लागले. वारा पडलेला होता, तरी ओल्या जाळ्याचा वास आला. त्यांनी दांडी उजवीकडे रेटली. दांडी डावीकडे गेली.

"मागं कोण रेटतंय रे?"

मागचा बाबल्या चाचरत म्हणाला, "आमी नुसता हात लावलाय खोतानू. वजन आमच्या खांद्यावर नाय."

खोतांनी मान वळवली. मागे दोघेच होते. त्या दोघांच्या मधोमध, तापलेल्या धुळीत, ओली पावले उमटत होती. एकेक, सावकाश, पालखीच्या चालीने. पावलांवर माणूस नव्हता. खोतांनी दांडीखालून निसटू पाहिले. पण दांडी त्यांचा खांदा सोडीना.

पालखी खारवीवाड्यात शिरली आणि चंद्राबायच्या उंबऱ्यापुढे टेकली. लोकांनी तिथली माती उकरली, तर नारळ निघाला. खोतांनी स्वतः कुंकवाची बोटे ओढलेला, तोच. समुद्रातून काढावा तसा तो निथळत होता.

दारी आलेल्या खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायची गावची रीत. चंद्राबाय तांब्या घेऊन आली. बाबल्याच्या पायांवर तिने पाणी घातले, त्याच्या जोडीदाराच्या घातले, आणि मधल्या रिकाम्या जागेपाशी थबकली. तिथल्या ओल्या पावलाला करंगळी नव्हती. धाकूची करंगळी होडीच्या नांगराखाली गेली होती, हे साऱ्या वाड्याला ठाऊक.

"आलात," ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. रडतरडतच तिने तिथे तांब्या कलता केला. पाणी सरळ खाली पडले नाही. हवेत दोन घोट्यांवरून ओघळल्यासारखे दुभंगले, आणि मग भुईवर आले.

महाराज दाराशी उभे होते. ते म्हणाले, "समुद्राने देह ठेवून घेतला, बाय. त्याचा शब्द नाही बुडाला. भर ओटी."

तिने ओटी भरली. मग उरलेला तांब्या घेऊन ती पुढे आली, खोतांच्या पायांशी वाकली. खोतांनी पाय मागे ओढले.

"माझ्या नको," ते कसेबसे म्हणाले. "महाराज, मी हिला सुतकी म्हणालो."

"देवीला सुतक लागत नाही, खोत. लागते ते आपल्या जिभेला. आणि माझ्याकडे काय बघता?"

खोतांनी डोक्यावरचे पागोटे काढून खाली ठेवले, आणि सगळ्या गावादेखत त्या ओल्या मातीवर, चंद्राबायच्या पायांपुढे डोके टेकले.