रिकाम्या बाकाची धूळ

"पुढच्या बाकावर बसायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

सुवार्ता आढावला हा नियम लहानपणापासून पाठ होता. गावात ज्या घरांनी सर्वांत आधी बाप्तिस्मा घेतला, त्यांचा तो चर्चमधला बाक. ती घरं केव्हाच पुण्याला गेली. बाक मात्र दर रविवारी पुसून रिकामा ठेवायचा.

आणि वीटभट्टीवरच्या बायका लेकरं कडेवर घेऊन प्रार्थनेला यायच्या, त्यांनी बसायचं चर्चच्या ओसरीत. का, तर मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, त्यांचं नाव नाही.

त्या रविवारी उपासनेआधी सुवार्ता बाक पुसत होती आणि धुसफुसत होती. शेजारी तबीथाबाई फडकं पिळत होत्या. जन्मभर बायबलबाई म्हणून बायबल वाचून दाखवत खेडोपाडी हिंडलेल्या. सुवार्ताला हात जोडायला त्यांनीच शिकवलेलं.

"बाई, रिकामा बाक पुसायचा आणि माणसं धुळीत बसवायची?"

"हळू पूस. पाय लटपटतोय त्याचा."

"मोडू दे! चर्च ओस पडलं म्हणून पंच गळा काढतात. माणसं आली, तर ती उंबऱ्याबाहेर! मी आजच नाव काढून घेते मंडळीतून."

"घे की."

सुवार्ता चपापली.

"तुम्ही अडवणार नाही?"

"जाणाऱ्याला काय अडवायचं? पुण्याची गेलीच की."

सुवार्तानं पुसलेलाच बाक पुन्हा पुसला.

"मग निदान प्रार्थना करा. मला बळ मिळू दे म्हणून."

"किती?"

"किती म्हणजे?"

"कुठवर जायचंय, त्यावर ठरणार ना गं. तू बसतेस कुठं?"

"तिसऱ्या बाकावर. आमचाच आहे तो, आजोबांपासून..."

बोलता बोलता तिची नजर हातातल्या फडक्याखालच्या बाकावर गेली.

तबीथाबाईंनी फडकं झटकलं. ओसरीकडे पाहिलं.

"तिथवर पुरेल एवढं मागते."

घंटा झाली. सुवार्ता बाहेर गेली आणि भट्टीवरच्या बायकांत मांडी घालून बसली.

"ताई, कपडे मळत्याल," एकजण अंग चोरत म्हणाली.

"मळू देत."

मुख्य पंच शलमोनकाका तरातरा आले. मागून आणखी दोघे पंच.

"ऊठ, सुवार्ता. आजोबांचं नाव घालवतेस?"

"या बायका आत आल्या तर येते. पुढचा बाक रिकामाच आहे."

"नियम म्हणजे नियम!"

"कुणी केला, काका?"

"ते विचारायचं नाही. कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

"कॉलेजात नाही. सगळी देवाची लेकरं, हे रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवलंत. छडी हातात घेऊन."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

"ऊठ म्हणतो ना!"

"नाही उठणार."

शलमोनकाकांनी मागे वळून पाहिलं. मागचे दोघे आपापल्या चपलांकडे पाहत राहिले. आत पेटीवाल्यानं धरलेला सूरही थांबला.

तेवढ्यात काठी टेकत तबीथाबाई दारात आल्या.

"शलमोन, जरा हात दे रे. गुडघे वाकत नाहीत आता, आणि मला खाली बसायचंय."