सर्वांत लांबची तारीख

एका तालुक्याच्या गावात अच्युतराव नावाचे एक कंपाउंडर होते. डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं देण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका लहान मुलीच्या डोळ्यांत घालायची बाटली त्यांनी तिच्या आईच्या हातात दिली. ती पायऱ्या उतरली आणि मग यांचं लक्ष टेबलावरच्या रिकाम्या खोक्याकडे गेलं. औषधाची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती. अच्युतराव अनवाणी धावत सुटले आणि भर चौकात त्यांनी ती बाटली परत घेतली. कोणाला काही झालं नाही. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अच्युतराव त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले. दवाखान्यात येणारी प्रत्येक बाटली, प्रत्येक गोळी ते उलटीसुलटी करून बघत. त्यात गावाचं भलंच झालं.

पुढे ते निवृत्त झाले आणि घरी बसले. बसले म्हणायचं इतकंच, त्यांना बसवेना. हाताला काम नाही, डोळ्यांना तारीख नाही. पेपर दहा मिनिटांत संपे. मग ते उठत, येरझाऱ्या घालत, पुन्हा बसत, पुन्हा उठत. एके दिवशी उठले ते थेट स्वयंपाकघरात शिरले. फळीवर पोह्यांचं पाकीट होतं. त्यांनी ते सवयीनं उलटं केलं. पोह्यांची तारीख काल गेली होती.

तेव्हापासून त्या घरातली शांतता गेली. रोज सकाळी अच्युतराव चष्मा लावून फळ्या तपासत. तारीख काल गेली असेल, तर आज पाकीट घंटागाडीत. बिस्किटं गेली, शेवया गेल्या, न फोडलेला चहा गेला. तारखेच्या आधी काय छापलंय, ते कधी त्यांनी वाचलं नाही. औषधावर ‘एक्सपायरी’ असतं आणि पोह्यांवर ‘बेस्ट बिफोर’, पण त्यांची नजर आकड्यावर पडे आणि तिथेच थांबे. ज्या डब्यांवर काहीच छापलेलं नव्हतं, त्यांना तर त्यांनी मुळीच सोडलं नाही. चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांनी पापड, कुरडया, मेतकूट, सगळ्यांवर स्वतःच्या अक्षरात मुदत लिहिली. सरसकट सहा महिने.

त्यांची बायको कुमुदिनी शांत बाई होती. ती वस्तू हातात घेई, वास घेई, बोटांत चोळून बघे, चिमूटभर जिभेवर ठेवी. चांगली वाटली तर वापरी, नाहीतर टाकी. त्यामुळे तिच्या हातून वाया गेलेलं अन्न फार थोडं.

“अहो, हे पोहे कुरकुरीत आहेत. खाऊन तरी बघा,” ती म्हणे.

“तुझ्या नाकावर काही छापलंय का? पाकिटावर छापलंय,” अच्युतराव म्हणत.

आणि पाकीट घंटागाडीत जाई.

अशातच त्यांच्या मुलीचा, केतकीचा फोन आला. केतकी शहरात राहत होती आणि तिला दिवस गेले होते. आनंदाची बातमी ऐकून अच्युतरावांना दुप्पट घोर लागला. लेक विश्रांतीला माहेरी येणार, तेव्हा घरात मुदत संपलेला एक कणही राहता कामा नये! त्यांनी माळ्यावरून चिनी मातीची एक बरणी खाली काढली. तिच्यात लिंबाचं लोणचं होतं. केतकी कॉलेजात गेली त्या वर्षी घातलेलं, सहा वर्षं मुरून काळंभोर झालेलं. आजारातून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव यावी म्हणून गल्लीतले लोक वाटी घेऊन येत, ते हे लोणचं. अच्युतरावांनी सहा वर्षं हा आकडा दोनदा मोजला आणि सगळं लोणचं उकिरड्यावर ओतलं. कुमुदिनी देवळातून परत आली तेव्हा बरणी धुऊन पालथी घातलेली होती.

ती पालथ्या बरणीवर हात ठेवून उभी राहिली.

“सहा वर्षं मी झाकण आणि फडकं सांभाळलं हो,” एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी, ऐन वैशाखात, सकाळच्या एसटीनं केतकी आली. तिला तिसरा महिना लागला होता. चेहरा उतरला होता, डोळे खोल गेले होते. आदल्या दिवसापासून तिच्या पोटात अन्न ठरलं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्या सकाळी फोनवर सांगितलं होतं, की उद्या सकाळपर्यंत काही टिकलं नाही तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावा, आणि जमलं तर काहीतरी ताकदीचं द्या. अच्युतरावांनी स्वतः लेकीसाठी पाट मांडला.

भात पुढे आला, तर तिला वासानं मळमळलं. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना. शेवटी ती पाटावरच भिंतीला टेकली आणि म्हणाली, “आई, ते काळं लिंबाचं लोणचं दे ना. त्याच्याबरोबर जाईल काहीतरी.”

कुमुदिनीनं नवऱ्याकडे पाहिलं.

“त्याची मुदत संपली होती,” अच्युतराव पुटपुटले. पण आवाजात जोर नव्हता. लेकीनं डोळे मिटले, आणि ते त्यांना फार लागलं. ते तिथे थांबूच शकले नाहीत. कापडी पिशवी घेतली, पायांत चपला सरकवल्या आणि भर उन्हात बाहेर पडले. आता लेकीसाठी असं काही आणायचं, की ज्याची तारीख सगळ्यांत लांबची असेल!

ताकदीचं म्हणून त्यांनी पनीर घ्यायचं ठरवलं. पहिल्या दुकानात पाकिटावर सहा दिवस शिल्लक होते. नको. दुसऱ्या दुकानात नऊ. तेही नको. एसटी स्टँडाजवळच्या तिसऱ्या दुकानात पंधरा दिवसांचं पाकीट मिळालं, आणि अच्युतरावांचा चेहरा फुलला. त्या दुकानातली वीज सकाळपासून गेलेली होती. फ्रीज मुका उभा होता आणि पाकीट हाताला कोमट लागत होतं. हे सगळं त्यांना कळलं. पण फ्रीजवर काही तारीख नव्हती. त्यांनी पाकीट पिशवीत टाकलं.

मग लोणचं. बाटलीतलं का असेना, लिंबाचं लोणचं तर हवंच. पण लांबच्या तारखेची बाटली कुठे मिळेना. या दुकानातून त्या दुकानात, पेठेतून मंडईत, मंडईतून पुन्हा पेठेत. घाम कानांवरून ओघळत होता. पिशवीतलं पनीर ऊन खात होतं. अखेर मनासारखी बाटली घेऊन अच्युतराव घरी पोहोचले तेव्हा तीन वाजले होते.

बाटली उघडली मात्र, व्हिनेगरचा आंबट भपका आला आणि केतकी तोंडावर हात दाबून मोरीकडे पळाली.

“पनीर आणलंय,” अच्युतराव घाईघाईनं म्हणाले. “पंधरा दिवस आहेत अजून.”

कुमुदिनीनं पाकीट हातात घेतलं. ते फुगलं होतं. तिनं कोपरा कापला, नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं.

“नासलंय हे.”

“तारीख बघ!”

“वास बघा. चिकट झालंय.”

“पिशवीचा वास असेल. सरक बाजूला, मी करतो.”

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. लग्नानंतर चार वेळा चहा केलेला हा माणूस गॅसपाशी उभा राहिला. कढईत तेल, आलं, मिरची आणि पनीर. फोडणीवर पनीर पडलं तसा एक आंबूस वास वर आला. अच्युतरावांच्या हातातला झारा थबकला. त्यांनी ओट्यावरचं पाकीट उचललं, तारीख वाचली. झारा फिरवला. वास पुन्हा आला. त्यांनी पुन्हा तारीख वाचली. असं तीनदा झालं. मग त्यांनी वरून भरपूर मसाला घातला आणि ताटली भरली.

केतकी भिंतीला टेकून बसली होती. त्यांनी ताटली तिच्यापुढे ठेवली.

“खाऊ नकोस गं,” दारातून कुमुदिनी म्हणाली.

केतकीनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. उन्हानं रापलेलं तोंड, पाठीला चिकटलेला सदरा, धुळीनं भरलेली पावलं. तीन तास हा माणूस आपल्यासाठी वणवण फिरला. तिला खायची इच्छा नव्हती, पण बाबांना नाही म्हणायचीही नव्हती. तिनं एक तुकडा उचलला आणि तोंडाशी नेला.

अच्युतरावांनी झटकन तिचं मनगट धरलं.

“थांब!” ते म्हणाले. “वास आला होता मला. कढईतच आला होता.”

“मग वाढलंत कसं?” कुमुदिनीनं विचारलं.

“तारीख होती ना,” ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. पोटात गर्भ असलेल्या लेकीला आपण डोळ्यांदेखत विष वाढत होतो. वास नाकात होता आणि आपण आकडा वाचत होतो. त्यांना रडू आवरेना.

कुमुदिनीनं ताटली उचलून बाजूला केली. पाकीट मात्र त्यांच्या हातात दिलं. “आता सगळं वाचा. आकड्याच्या आजूबाजूचंसुद्धा.”

अच्युतरावांनी चष्मा पुसला आणि वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं: चार अंशांखाली थंड ठेवावे. म्हणजे पंधरा दिवसांचा शब्द थंडीत ठेवलेल्या पनीरचा होता. वैशाखातल्या उन्हात फिरवलेल्या पनीरला कोणी शब्द दिलेलाच नव्हता.

चार वाजत आले होते. केतकी कालपासून उपाशी होती. उठायला गेली तर तिला भोवळ आली आणि ती पुन्हा खाली बसली. “तिखट सांजा खाईन मी,” ती क्षीण आवाजात म्हणाली. “गरम, थोडासा.”

“आत्ता रवा आणतो!” अच्युतराव उठलेच.

“बाबा, आता कुठेही जाऊ नका,” केतकी म्हणाली. तुम्ही दुकानात गेलात की दिवस मावळतो, असं काही ती बोलली नाही, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

“रवा घरात आहे,” कुमुदिनी म्हणाली आणि तिनं दाराकडे बोट दाखवलं. लेक यायच्या आधी, त्याच सकाळी अच्युतरावांनी एक पिशवी भरून उद्याच्या घंटागाडीसाठी तिथे ठेवली होती. “पण मी नाही काढणार. तुम्ही काढा, आणि काय खायचं ते तुम्हीच ठरवा.”

अच्युतराव पिशवीपाशी बसले. हात पुढे जाईना. ज्या बोटांनी आयुष्यभर मुदत संपलेलं फेकलं, त्यांनी ते लेकीसाठी उचलायचं! पहिल्यांदा हाताला शेंगदाणे लागले. तारीख महिनाभर पुढची होती. त्यांनी एक दाणा फोडला, तर आत काळपट बुरशी.

“तारीख आहे याची. मग हा पिशवीत कसा आला?”

“मी टाकला,” कुमुदिनी म्हणाली. “पाकीट फुटून दमट झालं होतं.”

त्यांनी दाणे बाजूला केले. मग रव्याचं पाकीट आलं. चिमट्यानं घट्ट बंद केलेलं. तारीख कालची, आणि तिच्याआधी लिहिलेलं: बेस्ट बिफोर. त्या दिवसापर्यंत उत्तम, असं रवेवाला सांगत होता. त्यानंतर वाईट, असं कुठेच म्हणत नव्हता. त्यांनी रवा परातीत ओतला, उजेडात पसरला. किडा नाही, जाळी नाही. मूठभर घेऊन वास घेतला. चिमूटभर जिभेवर ठेवला. कडवट नाही, खवट नाही.

“चांगला आहे,” ते म्हणाले. पण लगेच बायकोकडे बघितलं. “आहे ना गं?”

तिनं वास घेतला आणि मान हलवली. “रव्याला हे चालतं. औषधाला, दुधाला, पनीरला नाही. त्यांची तारीखही पाळायची आणि नाकही.”

“हो,” अच्युतराव म्हणाले. पस्तीस वर्षांत डॉक्टरांनाही त्यांनी इतक्या लवकर हो म्हटलं नसेल.

सांजा कुमुदिनीनंच केला. केतकीनं पहिला घास घेतला आणि अच्युतराव समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पाच मिनिटं झाली. ते उठले, अंगणात गेले, परत आले. दहा मिनिटं झाली. “मळमळतंय का?” त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली. पुन्हा उठले, पुन्हा आले. अर्धा तास झाला. केतकी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या गालांवर थोडा रंग आला होता.

“बाबा, एक सांगू?”

अच्युतराव पुढे सरकले. “काय होतंय?”

“मीठ कमी होतं. आणखी आहे का?”

अच्युतराव धडपडत उठले. त्यांनी कढई पुढ्यात ओढली, वर मीठ भुरभुरलं, तळाची करपलेली खरवडसुद्धा उलथन्यानं सोडवली आणि सगळं लेकीच्या ताटलीत वाढलं. कढईत एक कणही राहू दिला नाही.

तात्पर्य: तारीख वाचावी, तिच्याआधीचे शब्द आणि ठेवायची रीतही वाचावी, पण आकड्यावर भरवसा ठेवून जो आपले डोळे, नाक आणि जीभ गहाण टाकतो, तो चांगलं अन्न उकिरड्यावर टाकतो आणि नासलेलं पानात वाढतो.