शिळेवरचं पहिलं नाव

माणसाला अजून लिहिता येत नव्हतं, त्या काळी एका रानात प्राणी प्रत्येक नवा शोध शिळेवर कोरत असत. ज्याचं नाव जास्त शिळांवर, तो जास्त ज्ञानी. उदमांजराचं नाव दोनशे शिळांवर होतं आणि त्याच्या परवानगीशिवाय कुणाला नवी शिळा मिळत नसे.

साळिंदरबाईने तीन वर्षं मुळं उकरून तापावरचं औषध शोधलं. ते कोणत्या प्राण्याला बाधतं, हेही टिपलं. सगळं पानावर लिहून ती उदमांजराकडे गेली.

"छान आहे. पहिलं नाव माझं घाल," उदमांजर म्हणालं.

"गुरुजी, शेवटपर्यंत वाचलंत ना?"

"वाचलं, वाचलं!"

साळिंदरबाईला शंका आली, कारण पानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पण शिळा हवी होती, म्हणून तिने त्याचं नाव पहिलं घातलं.

शिळा कोरून उभी राहिली त्या दिवशी भर सभेत उदमांजराने ऐटीत ते मूळ तोंडात टाकलं.

"गुरुजी, थुंका!" साळिंदरबाई ओरडली.

तोवर त्याची जीभ सुजून बाहेर आली होती. म्हाताऱ्या सांबराने शिळेवरची शेवटची ओळ वाचली, "उदमांजरांनी हे मूळ खाऊ नये."

साळिंदरबाईने धावत जाऊन उदमांजराच्या जिभेवर पाल्याचा रस पिळला. हसलं कुणीच नाही.

"मग बाकीच्या शिळांवरचे शोध कुणाचे?" सांबराने विचारलं.

मग मागून बेडकी हळूच म्हणाली, "ओढ्याचा शोध माझा होता." तिच्या शेजारची घोरपडही उठून उभी राहिली.