चाऱ्याचं शिंग

"शिंग दे म्हणतोय ना!"

"नाही देणार. ओरडून घसा बसला तुमचा, तरी नाही देणार."

फार फार जुनी गोष्ट आहे ही. समुद्रापलीकडे वर्षातले चार महिने बर्फाखाली झोपणारं एक राज्य होतं. त्या राज्यात राजाचं हरणांचं रान होतं. रानाच्या फाटकाशी एक घर, घरात राखणदार आणि त्याची बायको. लग्नाला चाळीस वर्षं झालेली, भांडण मात्र आज सकाळचं. आपण जरा उशिरा पोचलो, म्हणून आधीचं सांगते.

हे रान राजाच्या आजोबाने राखलं. त्याने भोवती कुंपण घातलं आणि कुंपणाच्या आतल्या अंगाला खोल चर खणला. बाहेरचं हरीण उडी मारून आत येई, आतल्याला मात्र चरातून उडी पुरत नसे. राजाच्या बापाने तिथे शिकारीचं मचाण बांधलं. आणि राजा स्वतः दर वर्षी पिकं घरात आली की तिथे येई, एका बाणात एक हरीण मारी आणि साऱ्या गावाला मेजवानी देई.

हिवाळ्यात गवत बर्फाखाली गाडलं जाई. मग राखणदाराची बायको सुकं गवत आणि पाल्याच्या फांद्या घेऊन मोकळ्यावर जाई आणि बैलाचं जुनं शिंग फुंकी. दोन लांब हाका, एक आखूड. ती हाक ऐकली की सगळं रान धावत येई. माणसाला पाहून पळायचं असतं, हे हरणं तेवढ्यापुरतं विसरून जात.

आता राजा म्हातारा झाला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षांपूर्वी नेम चुकला, तेव्हा लोक म्हणाले, वारा होता. पुढच्या वर्षीही चुकला, तेव्हा कुणीच काही म्हणालं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. गेल्या वर्षी राखणदाराने झुडपात एक तिरंदाज लपवला. हरीण पडलं, टाळ्याही पडल्या. आज चौथं वर्ष. दुपारी राजाची स्वारी यायची होती, आणि राखणदाराला हवं होतं ते चाऱ्याचं शिंग.

"अगं, तुला बोलायला काय जातंय?" तो म्हणाला. "प्रधान टपून बसलाय. यंदा नेम चुकला की तो म्हणणार, राजाला शिकार झेपत नाही, मग रान कशाला ठेवायचं? झाडं तोडा, जहाजं बांधा. तुझी हरणं मग कुठे जातील? आपण कुठे जायचं?"

हे खरं होतं. तिने नुसतं पातेलं आपटलं.

"शिंग वाजवलं की हरणं मचाणाखाली येतील. वीस पावलांवरचं महाराजांनाही दिसेल. एक जाईल, शंभर वाचतील."

"कुठलं जाईल?"

तो चुलीतलं लाकूड सारू लागला.

"सांगा ना! सगळ्यांत पुढे कोण असतं? माझी कानतुटीच ना?"

कानतुटी म्हणजे फाटक्या कानाची एक म्हातारी हरणी. मोठं बर्फ पडलं त्या साली ती पाडस होती आणि याच घरात चुलीशी वाढली होती.

"तिला खांद्यावर घालून बर्फातून कोणी आणलं होतं? मी नाही आणलं. तुम्हीच आणलंत. आणि वर रडत होतात."

"सर्दी झाली होती मला."

"हो तर! सर्दी!"

राखणदाराने घरभर नजर फिरवली. बायको लाकडी पेटीवर बसली होती. चाळीस वर्षांत ती भर सकाळी कधी बसली नव्हती. शिंग कुठे आहे, ते त्याला लगेच कळलं.

"ऊठ."

"गुडघा दुखतोय."

"पेटीवर आणखी एका म्हाताऱ्याला जागा आहे का?" दारातून कुणीतरी विचारलं.

दारात राजा उभा होता. काठी टेकत, नोकरचाकर मागे ठेवून तो लवकर आला होता. लहानपणी तो असाच पळून या घरी यायचा, कारण इथला पाव राजवाड्यातल्यापेक्षा गरम असे.

राखणदाराने गुडघे टेकले. "महाराज, माफ करा. आपल्याला ऐकू..."

"डोळे गेलेत. कान चांगले आहेत," राजा म्हणाला आणि पेटीच्या कडेवर टेकला. "आणि गेल्या वर्षीच्या हरणाला दोन बाण लागले होते. मी एकच सोडला होता, आणि तो झाडात रुतल्याचा आवाज मी ऐकला होता. बोटांनी चाचपून दोनपर्यंत मोजता येतं मला."

राखणदाराची मान वर होईना. राजाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझी लाज राखायला केलंस. रागावलो नाही मी."

मग तो राखणदाराच्या बायकोकडे वळला. "पण बाई, शिंग दे. मला एकदा, शेवटचं, माझ्या हाताने जिंकू दे. प्रधान बघत असताना."

ती हलली नाही. "नाही, महाराज."

"रान माझं आहे. हरणं माझी आहेत."

"आणि हाक माझी आहे."

"मी हुकूम करू शकतो."

"करा ना. शिंग मिळेल. फुंकायला माझी छाती मिळायची नाही."

"तुझा नवरा फुंकेल."

"हे? यांनी एकदा फुंकलं, तर गावातले बैल घरी आले होते!"

राजा हसला. राखणदारही हसला, पण घाबरत. मग राजाचं हसू हळूहळू मावळलं. पांढरे झालेले डोळे त्याने तिच्या आवाजाकडे लावले.

"मग मी काय करू? हे रान माझ्या आजोबांचं आहे. माझा नेम चुकला म्हणून ते तुटलं, तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

तेव्हा ती बाई एकच वाक्य बोलली, आणि भांडण संपलं. ते वाक्य तुम्हाला शेवटी सांगते. आधी त्याने काय झालं ते ऐका.

दुपारी राजा मचाणावर चढला. गाव जमलं होतं. प्रधान गालात हसत उभा होता. राजाने धनुष्य खाली ठेवलं आणि मोठ्याने म्हणाला, "मला दिसत नाही. चार वर्षं झाली. गेल्या वर्षीचं हरीण मी मारलेलं नव्हतं."

प्रधानाने कुजबुजायला जे जपून ठेवलं होतं, ते राजाने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. आता कुजबुजणार काय?

"शिकार नाही, मग रान कशाला, महाराज?" प्रधानाने विचारलं.

"हिवाळ्यात चारा घालायला," राजा म्हणाला. "झाडाला हात लावायचा नाही."

मेजवानीला त्या वर्षी मटण नव्हतं. पाव, चीज आणि सफरचंदं होती. थोडी कुरकुर झाली, पण ताटात कुणी काही टाकलं नाही.

बर्फ पडलं तेव्हा राजा परत आला. बाईने त्याला शिंग फुंकायला शिकवलं. पहिल्या दिवशी एकही हरीण आलं नाही. दुसऱ्या दिवशी झाडांआड पावलं वाजली आणि थांबली. तिसऱ्या दिवशी राजाच्या ओंजळीतल्या गवताला कुणाचा तरी गरम श्वास लागला. त्याने अगदी सावकाश हात वर नेला. बोटांना कान लागला. कान फाटका होता.

आंधळा राजा बर्फात उभा राहून रडत होता. राखणदार म्हणाला, महाराजांना सर्दी झाली आहे.

त्या सकाळी पेटीवरून न उठता, राजाचा हात हातात घेऊन, ती बाई इतकंच म्हणाली होती:

"महाराज, नेम चुकला तर एक हरीण हातचं जातं, पण विश्वासाने हाकेला आलेल्याला मारलं, तर आपल्या हाकेला पुन्हा कुणीच येत नाही."