माल पोहोचवण्यापुरता पत्ता

एकदा सांगलीच्या एका हळद-व्यापाऱ्यावर भेसळीचा आळ आला. व्यापाऱ्याचे नाव धनपाल मगदूम. त्यांची हळद ऑनलाइन विकली जाई आणि राज्यभर घरोघरी पोहोचे. साताऱ्याच्या शकुंतलाबाई बर्गे या निवृत्त परिचारिकेने ती मागवली, वापरली आणि विक्रीच्या पानावर अभिप्राय लिहिला, "या हळदीत रंग मिसळला आहे. कुणी घेऊ नका."

धनपालांनी त्याच खेपेची हळद प्रयोगशाळेत तपासून घेतली. ती शुद्ध निघाली. परंतु तोवर मागणी पार घसरली होती. पिढीजात नावाला डाग लागला, या संतापात त्यांनी बाईंच्या ऑर्डरमधून त्यांचे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक काढला आणि आपल्या पानावर टाकला. खाली लिहिले, "खोटा आळ घेणारी बाई ती हीच. विचारा हिला जाब."

लोकांनी जाब विचारला. दिवसभर अनोळखी फोन येऊ लागले. दोघे-तिघे तर दारात येऊन ओरडून गेले. धनपालांनी दोन दिवसांनी मजकूर काढला खरा, पण तो तोवर कितीतरी मोबाइलमध्ये पोहोचला होता. पुढे बाईंच्या वकिलाची नोटीस आली.

धनपाल ती घेऊन दिनकरराव सावळेकरांकडे गेले. दिनकरराव वयोवृद्ध वकील. त्यांच्याकडे शिकणाऱ्या यामिनीने उत्तराचा मसुदा तयार केला.

"सर, प्रयोगशाळेचा अहवाल आपल्या हातात आहे," ती म्हणाली. "उलट बदनामीचा दावा आपणच लावू शकतो."

दिनकररावांनी मसुदा शांतपणे वाचला, बाजूला ठेवला आणि बाईंच्या वकिलाला फोन लावला. त्यांची विनंती विचित्र होती. बाईंच्या घरी, त्यांच्या समक्ष, एक दुपार त्यांचा मोबाइल धनपालांच्या हाती द्यावा. येणारे फोन धनपाल उचलतील.

यामिनी चकित झाली. "सर, आपल्याच अशिलाला आपण विरुद्ध पक्षाच्या घरी नेऊन बसवायचं?"

"हो. आणि तूही चल."

बाईंनी संमती दिली आणि धनपालही नाइलाजाने तयार झाले. साताऱ्याच्या त्या लहानशा घरात धनपाल खुर्चीत अवघडून बसले.

"इतका त्रास होता तर फोन बंद का नाही ठेवलात?" त्यांनी विचारले.

"लेक सैन्यात आहे," बाई म्हणाल्या. "त्याला रेंज मिळंल तेव्हा तो करतो. बंद कसा ठेवू?"

फोन वाजला. धनपाल काही बोलण्याआधीच पलीकडून शिवी आली. दुसऱ्या फोनवर कुणी नुसतेच हसले. तिसऱ्याने विचारले, "त्या बाईचा नंबर हाच ना? एकटीच राहते ना ती?" धनपालांनी घाईने फोन तोडला.

मग आणखी एक फोन आला. "थेरडे, आमच्या अण्णांच्या पोटावर पाय देतीस? सांगलीला ये, दाखवतो तुला!"

धनपाल ताठ झाले. आवाज ओळखून ते म्हणाले, "सुकुमार, मी अण्णा बोलतोय."

पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता. "अण्णा? तुम्ही? हा नंबर तर त्या..."

"बाईंच्याच घरी आहे मी. पुन्हा इथं फोन करू नको. कुणालाच करू देऊ नको."

त्यांनी मोबाइल दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. बाईंनी तो घेतला आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

परतीच्या वाटेवर धनपाल मागच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. यामिनीने हळूच विचारले, "सर, माझा मसुदा चुकला होता का?"

"नाही," दिनकरराव म्हणाले. "आळाला उत्तर देण्याचा अधिकार धनपालशेठना होताच, आणि ते उत्तर अहवालात होतं. तो छापला असता तर पुरलं असतं. पण पत्ता बाईंनी दिला होता तो हळद घरी यावी म्हणून. ज्या कामासाठी माहिती विश्वासानं दिली, त्याच कामापुरती ती आपली. न्यायालयानंही हेच सांगितलं असतं. पण तिथं शेठनी वकिलांची भाषणं ऐकली असती. त्यांनी काय केलं, ते त्यांना ऐकू आलं नसतं."

मागून धनपालांचा आवाज आला. "यामिनीताई, तो बदनामीचा दावा राहू द्या. माफी मीच लिहितो."

ती माफी त्यांच्या पानावर सर्वांत वर लागली. शेजारी अहवाल होता. बाईंनीही आपला अभिप्राय मागे घेतला. माफीच्या शेवटी धनपालांनी स्वतःचा मोबाइल क्रमांक दिला होता आणि लिहिले होते, "कुणाला जाब विचारायचा असेल, तर मला विचारा."

लोक विचारतात. दुकानात गिऱ्हाईक असले तरी धनपाल बाजूला होऊन तो फोन घेतात आणि पलीकडचा माणूस थकेपर्यंत ऐकतात.