कपाळाला लागलेलं तेल

"महाराज, तेल कुठलं घालू?"

अच्युतगिरी महाराज समईची वात सारखी करत होते. मान वर न करता म्हणाले, "तिळाचं घाल."

"समईत नाही महाराज. गाडीत."

"असं होय..." महाराज म्हणाले. बोटाला लागलेली काजळी त्यांनी दुसऱ्या हाताच्या तळव्याला पुसली आणि पुढची वात धरली.

विश्रामराव धायगुडे नवी गाडी घेऊन टेकडीवरच्या मठात आले होते. गाडीची पूजा आटोपली होती. बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, चाकाखाली चिरडलेलं लिंबू. गाडी पांढरी होती आणि विश्रामरावांचा परीटघडीचा सदराही पांढरा. फक्त मालकाला कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं.

मी तेव्हा मठातच राहायचो. ओसरीवर चिंचा फोडत बसलो होतो. विश्रामरावांना मी चांगला ओळखत होतो. ते महाराजांना काही विचारायला येत नसत. आपण किती विचार केला आहे, ते सांगायला येत.

"पातळ घालावं, तर इंजिन हलकं फिरतं," ते सांगू लागले. "जाड घालावं, तर उन्हाळ्यात टिकतं. एक जण म्हणतो, सिंथेटिकशिवाय दुसरं बघूच नका. दुसरा म्हणतो, नव्या गाडीला साधंच बरं. मी सगळ्यांचं ऐकलंय महाराज. वाचायचंही काही ठेवलं नाही."

"गाडी ज्यांनी बनवली, ते काय म्हणतात?"

"त्यांनी दिलंय ना सांगून. गाडीबरोबर पुस्तक येतं, त्यात आहे."

"मग?"

"पण त्याहून चांगलं एखादं असेल तर...?"

महाराज हसले. मीही हसलो, पण चिंचेकडे बघून.

विश्रामरावांची आई, कोंडाबाई, इतका वेळ पायरीवर गप्प बसल्या होत्या. त्यांना आता राहवलं नाही.

"म्हाराज, त्येलाचं ऱ्हाऊ द्या. परवा माझ्या सोपानाच्या लेकीचं लगीन हाय. थोरला न्हाई म्हनतोय यायला. मी ह्याला म्हनलं, जा नव्या गाडीतनं आन् घिऊन ये आप्पाला. तर ह्यो म्हनतो, त्येलाचं ठरल्याबिगर गाडी लांब न्यायची न्हाई."

विश्रामराव खाली बघू लागले.

त्या घरातलं भांडण आम्हांला मठात बसूनही ठाऊक होतं. कोंडाबाईंना तीन मुलगे. आप्पा थोरला, विश्राम मधला, सोपान धाकटा. वडील गेल्यावर त्यांच्या दुकानावरून आप्पा आणि सोपानचं बिनसलं, ते एकमेकांचा उंबरा न ओलांडण्यापर्यंत गेलं. विश्रामरावांनी वेळीच तालुक्याला जाऊन फरशीचं स्वतःचं दुकान टाकलं. दोन्ही घरांत त्यांना मान होता, कारण दोन्ही घरांत ते गप्प बसत.

"आई, तुला हजारदा सांगितलं, मी कुणाच्या अध्यात नाही नि मध्यात नाही," विश्रामराव म्हणाले. मग महाराजांकडे वळले. "आता आपणच सांगा. आप्पाकडे गेलो, तर तो म्हणणार, आलास सोपानची वकिली करायला. त्याला मांडवात नेला, तर सोपान म्हणणार, तुला कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला? दोन्हीकडून शिव्या मलाच. आजवर मी स्वतःला डाग लागू दिलेला नाही महाराज."

महाराजांनी त्यांच्या सदऱ्याकडे पाहिलं.

"खरंच," म्हणाले, "छान धुतलाय."

"ह्येंचे वडील गेल्यापासनं," कोंडाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तिघं एका पंगतीला बसल्याली बघितली न्हाईत मी. आता ह्या लग्नात न्हाई बसली, तर मग माझ्या म्हागारी..."



मला विश्रामरावांचा राग आला होता. खरं सांगतो, चिंच फोडायचा वरवंटा मी जरा जोरातच हाणला. महाराजांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते उठले.

"चल विश्राम. तुझं तेल बघू."

विश्रामरावांची कळी खुलली. ते लगबगीने गाडीकडे गेले. बॉनेट उघडलं. डिकीतून तेलाचा नवा कोरा डबा काढून आणला. मग इंजिनमधली तेल बघायची पट्टी ओढून काढली, फडक्याने पुसली, परत आत घातली आणि पुन्हा बाहेर काढून महाराजांच्या समोर धरली.

पट्टीचं टोक काळंभोर होतं.

"बघितलंत?" विश्रामराव म्हणाले. "डिझेलची गाडी. घेतल्यापासून महिन्याभरात दोनदा बदललं. तरी पुन्हा काळं. म्हणजे तेलच खराब. आता हे बघा."

त्यांनी डब्याचं बूच काढलं आणि थोडं तेल त्याच बुचात ओतून दाखवलं. मधासारखं होतं अगदी. आरपार दिसत होतं.

"सुंदर आहे," महाराज म्हणाले.

"आहेच. परदेशी आहे."

"मला गाडीतलं काही कळत नाही. हे तेल आत जाऊन करतं काय?"

विश्रामरावांना हेच हवं होतं. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सारल्या. "सोपं आहे महाराज. आत लोखंडावर लोखंड फिरतं. दोन्ही सारखीच कडक, कुणी कुणाचं ऐकत नाही. तेल त्या दोघांच्या मधे राहतं. तेल नसलं, की ती घासून घासून तापतात, आणि शेवटी एकमेकांत अशी रुतून बसतात, की सुटत नाहीत. इंजिन जाम. मग गाडी कितीही भारी असो, ढकलतच न्यायची."

"आणि आतली काजळी?"

"तीही तेलच धरून ठेवतं. लोखंडावर बसू देत नाही. सगळी घाण स्वतःत घेतं, म्हणूनच तर ते काळं..."

विश्रामराव थांबले.

खालच्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"आणि हे बुचातलं?" महाराजांनी विचारलं.

"हे... हे अजून कशात गेलेलं नाही."

"हं."

विश्रामरावांनी बुचातलं तेल जपून डब्यात परत ओतलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. आईसमोर उभं राहून स्वतःच्याच तोंडून असं काही निघून जावं, ही वेळ कुणावर येऊ नये असं मला वाटलं.

"कुंकू लावायचं राहिलंय," महाराज माझ्याकडे बघून म्हणाले.

मी पूजेचं ताट आणलं. विश्रामरावांनी सवयीने डोक्यावर रुमाल धरला आणि मान पुढे केली. महाराजांचं बोट कुंकवापाशी गेलं... आणि तिथेच थांबलं. मग ते वळलं विश्रामरावांच्या हातातल्या पट्टीकडे. पट्टीच्या टोकावरून महाराजांनी बोट फिरवलं आणि ते काळं तेल विश्रामरावांच्या कपाळाला लावलं. चांगलं ठसठशीत लावलं.

"अगं बया!" कोंडाबाई म्हणाल्या.

तेलाचा ओघळ भुवईतून उतरला आणि एक थेंब सदऱ्यावर पडला. विश्रामरावांनी डोक्यावरचा रुमाल खेचला. तो कपाळाजवळ नेला. महाराज त्यांच्याकडे नुसते बघत होते, रागाने नाही, हसूनही नाही.

रुमाल तसाच खिशात गेला.

"आणि... तेल कुठलं घालू?" विश्रामरावांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"पुस्तकात आहे ते घाल."

विश्रामरावांनी पट्टी परत बसवली, बॉनेट लावलं, डबा डिकीत टाकला. आईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. कोंडाबाईंनी विचारलं, "कुटं रं आता? घरी?"

"आप्पाकडे," विश्रामराव म्हणाले. "तू पण चल. मी एकटा बोललो तर तो ऐकायचा नाही."

कोंडाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. गाडी सुरू झाली. महाराज तोवर ओसरीवर येऊन परत समईपाशी बसले होते.

फाटकापाशी गाडी थांबली. विश्रामरावांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं. काळा ओघळ आता गालापर्यंत आला होता.

"महाराज," ते तिथूनच ओरडले, "हे पुसू कधी?"

महाराजांनी वात पुढे सारली.

"तिघं एका पंगतीला बसाल, तेव्हा."